ॲपलेशियाचे डोंगरी लोक शेक्सपिअरची इंग्रजी बोलतात का?

नाही. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांत पहिल्या राणी एलिझाबेथच्या, म्हणजे शेक्सपिअरच्या काळची इंग्रजी जशीच्या तशी टिकली आहे, ही समजूत शंभरहून अधिक वर्षं फिरते आहे. 1899 मध्ये बेरिया कॉलेजचे अध्यक्ष विल्यम गुडेल फ्रॉस्ट यांनी या लोकांना ‘आपले समकालीन पूर्वज’ म्हटलं, आणि ही कल्पना रुजत गेली.

तिला थोडा आधार आहे, हे खरं. ‘घाबरलेला’ या अर्थी ‘अफिअर्ड’, ‘मदत केली’साठी ‘होल्प’ हे शब्द शेक्सपिअरमध्येही सापडतात आणि डोंगरातल्या जुन्या माणसांच्या तोंडीही. पण मूठभर जुने शब्द म्हणजे जुनी भाषा नव्हे. शेक्सपिअर 1616 मध्ये वारला. हे डोंगर गोऱ्या वसाहतकारांनी वसवले ते मुख्यतः अठराव्या शतकात. त्यांतले कितीतरी जण उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर भागातून आलेले, मूळचे स्कॉटिश. ‘तुम्ही सगळे’ अशा अर्थाचं ‘यूअन्स’, पावणेपाच सांगताना ‘क्वार्टर टिल फाइव्ह’ म्हणणं, यांचं मूळ तिकडे आहे.

शिवाय ही बोली थिजलेली कधीच नव्हती. वाकड्यातिकड्या बांधलेल्या कुंपणाला तिथे ‘सिगॉगलिन’ म्हणतात, गार वारा सुटला की हवा ‘एअरिश’ होते. किती नेमके शब्द! मायकेल माँटगोमेरी या भाषाशास्त्रज्ञाने आयुष्यभर ही बोली अभ्यासली आणि या दंतकथेचा सविस्तर समाचार घेतला.

मला खटकतं ते हे की, वरवर कौतुक वाटणाऱ्या या गोष्टीत जिवंत माणसांना संग्रहालयातली वस्तू ठरवलं जातं.