सीडीच्या डब्यापासून एका मोबाइल क्रमांकापर्यंत: ठाणे-नवी मुंबईतल्या घरगुती डेटाची पार्श्वभूमी

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळमध्ये आज घरातला फोन हरवला, तर फोनची किंमत ही सर्वांत लहान चिंता असते. लग्नाचे फोटो, बँकेचे ओटीपी, शाळेचा ग्रुप, सोसायटीच्या पावत्या, आजोबांचे वैद्यकीय रिपोर्ट, सगळे एका क्रमांकाला आणि एका गुगल खात्याला बांधलेले असते. वीस वर्षांपूर्वी याच गोष्टी चार ठिकाणी विखुरलेल्या होत्या आणि भीती होती ती पाण्याची आणि बुरशीची. वस्तूंची जागा बदलली तसा धोकाही बदलला. जपण्याच्या सवयी मात्र मागच्या काळातल्याच राहिल्या. आज घरोघरी होणारे बरेचसे नुकसान त्यातूनच होते.

टेलिफोनच्या हिशेबात ठाणे आणि नवी मुंबई मुंबईतच मोडतात; एमटीएनएलचे क्षेत्र एकच आणि 022 हा कोडही एकच. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट सुरू केले, तेव्हा पहिल्या शहरांत मुंबई होती. पण डायल-अप जोडले की घरचा फोन एंगेज, आणि पुढे 56 केबीपीएसचे मोडेम आले तरी एका 1.44 एमबी फ्लॉपीएवढा मजकूर उतरवायला साडेतीन-चार मिनिटे लागत. अशा वेगात घरचे फोटो इंटरनेटवर ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. ऑनलाइन सुरक्षा म्हणजे सायबर कॅफेतून उठताना लॉग-आउट करणे, एवढीच व्याख्या पुष्कळ वर्षे पुरली.

डिजिटल कॅमेरे आले आणि घराघरात सीडीचे डबे साठले. 700 एमबीची सीडी, नंतर 4.7 जीबीची डीव्हीडी, वर मार्करने ‘गोवा’, ‘मुंज’, ‘बारसे’. सीडी कायम टिकते असा समज होता. प्रत्यक्षात घरी लिहिलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरात असते आणि तिच्यावरचा चकाकणारा धातूचा थर लेबलच्या बाजूला, लाखेच्या एका पापुद्र्याखाली असतो. म्हणजे जी बाजू आपण निर्धास्तपणे टेबलावर घासतो, तीच नाजूक. बॉलपेनने नाव लिहिले, चिकट लेबल लावून मग ओढून काढले, की थर सुटतो. खाडीकाठच्या दमट हवेत कडेपासून ओल शिरते ती वेगळीच. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती ओरखड्यांना जरा अधिक तोंड देते, पण रंगद्रव्य तिचेही फिके पडते.

असे डबे अजून घरात असतील तर त्यांतले फोटो दुसरीकडे उतरवून घ्यायचे काम आधी काढावे. सीडी दिव्यासमोर धरा. लेबलच्या बाजूने सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर थर जायला लागला आहे. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही, कारण गोल ओरखडा माहितीच्या रांगेच्या दिशेनेच जातो आणि सलग भाग वाचता येत नाही. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा ड्राइव्ह वाचतो, असे वरचेवर होते.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ठाणे, कल्याण, बदलापूर, नवी मुंबईच्या सखल वस्त्यांत तळमजल्यांवर पाणी शिरले. तेव्हाचा संगणक म्हणजे टेबलाखाली जमिनीवर उभा सीपीयू, आणि फोटोंच्या सीडी बहुधा त्याच टेबलाच्या खणात. ज्यांनी प्रत काढली होती त्यांचीही मूळ आणि प्रत एकाच पाण्यात गेली. प्रत होती, वेगळी जागा नव्हती. त्याच सुमारास पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने मांडलेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम जगभर रूढ होऊ लागला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. आपल्याकडे तो नियम म्हणून फार कमी घरांत पोचला.

भिजलेल्या हार्ड डिस्कबद्दल अजून एक गैरसमज टिकून आहे. नेहमीच्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा ठेवण्यासाठी गाळणी लावलेले बारीक छिद्र असते. पुराचे पाणी तिथून आत जाते. ती उन्हात वाळवली किंवा तांदळाच्या डब्यात घातली की पाणी उडते, गाळ आणि क्षार तबकडीवर सुकून बसतात आणि चालू करताच वाचणारे टोक त्यांवर घासते. म्हणून ती पुन्हा जोडायचीच नाही. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेत न्यावी.

2015 च्या मे महिन्यात गुगल फोटोज आले, ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवा, फुकट, या बोलीवर. 5 सप्टेंबर 2016 पासून जिओने डेटा जवळजवळ फुकट केला. हळूहळू घरांनी सीडी लिहिणे सोडले. पण 1 जून 2021 पासून गुगलची ती सवलत बंद झाली आणि 15 जीबीची मर्यादा फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून एकत्र मोजली जाऊ लागली. पुढे अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जाऊ लागला. फोनच्या एका फोटोला सरासरी साडेतीन एमबी धरले तर 15 जीबीत चार हजारांच्या आसपास फोटो बसतात. फोर-के व्हिडिओचा एक मिनिट 170 ते 400 एमबी खातो. गणेशोत्सवाच्या एका आठवड्यात जागा भरते, बॅकअप मुकाट थांबतो, आणि मर्यादा ओलांडल्यावर जीमेलवर नवे मेलही येत नाहीत. घरच्यांना बँकेचे मेल बंद झाल्यावर हे कळते.

त्याहून खोल अडचण अशी की क्लाउडमध्ये फोटो ‘जोडलेले’ असतात. फोनवर जागा करायला ॲपमधून फोटो काढला की क्लाउडवरचाही जातो. तो 60 दिवस कचरापेटीत राहतो, मग कायमचा पुसला जातो. फोनवरची जागाच मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमधला ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा, तो फक्त फोनवरची प्रत काढतो. शिवाय नातेवाइकांनी पाठवलेले फोटो, म्हणजे व्हॉट्सॲपचे फोल्डर, गुगल फोटोज आपोआप घेत नाही. फोटोजच्या सेटिंग्जमध्ये बॅकअप, तिथे डिव्हाइस फोल्डर्स, आणि त्यात ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ चालू करावे लागते. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या चॅट बॅकअपमध्येही व्हिडिओ मुळात बंदच असतात.

27 जून 2017 रोजी न्हावाशेव्याला जे घडले ते प्रत्येक घराने समजून घेण्यासारखे आहे. नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि तिथल्या जेएनपीटी बंदरातले तिच्या समूहाचे कंटेनर टर्मिनल ठप्प झाले. कंपनीच्या वापरकर्त्यांची आणि परवानग्यांची यादी सांभाळणारे सर्व्हर जगभर होते, एकमेकांच्या प्रती घेत होते आणि म्हणूनच एकदम पुसले गेले. वाचला तो घानातला एक. तिथे वीज गेल्यामुळे तो त्या वेळी जाळ्याबाहेर होता. त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली. घरात एक टीबीची हार्ड डिस्क घेऊन ती कायम लॅपटॉपला लावून ठेवणारे पुष्कळ आहेत. खंडणीचा व्हायरस आला तर लॅपटॉपसोबत तीही कुलूपबंद होते.

म्हणून दोन डिस्क असाव्यात. महिन्यातून एकदा एक जोडायची, नवे फोटो आणि कागदपत्रे चढवायची, मधल्या कुठल्याही दहा फाइली उघडून पाहायच्या, ‘सेफली रिमूव्ह’ करून काढायची. दुसरी डोंबिवलीच्या मावशीकडे किंवा गावच्या घरी. दिवाळीला आणि मे महिन्यात गेलो की अदलाबदल. पावसाळ्यात झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवली तर जोडणीची टोके गंजत नाहीत. पेन ड्राइव्हला ही एकमेव प्रत मानू नये, कारण त्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे न जोडता ठेवल्यास तो भार गळतो.

फसवणुकीचा इतिहासही याच परिसरातून जातो. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या. तिथून अमेरिकेतल्या लोकांना त्यांच्या प्राप्तिकर खात्याच्या नावाने फोन जात होते: कर बुडवला आहे, पोलीस निघाले आहेत, फोन ठेवू नका, आत्ता पैसे भरा. आज ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून आपल्या ज्येष्ठांना जे फोन येतात, त्यांची बांधणी तीच आहे. प्राप्तिकराच्या जागी सीबीआय किंवा कस्टम आले आणि व्हिडिओवर गणवेश आला. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. ‘फोन ठेवू नका’ हे वाक्य ऐकताच फोन ठेवायचा, एवढे घरातल्या आजी-आजोबांना आधीच, शांत वेळी सांगून ठेवावे. घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी काहीच सुचत नाही आणि त्यात त्याचा दोष नसतो.

2016 च्या एप्रिलमध्ये यूपीआय आले, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि ओटीपी घराची किल्ली बनला. मग चोरांनी ओटीपी विचारणे सोडून तो थेट वाचायला सुरुवात केली. वाहनाचे चलन, लग्नाची पत्रिका, ‘आज रात्री 9.30 ला वीज तोडली जाईल’ अशा निरोपासोबत एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल येते. ती बसवताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधून व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर तिघांनाही ती मुभा बंद करावी. कॉल सरसकट दुसरीकडे वळवले आहेत का हे *#21# डायल करून दिसते, आणि ##002# ने सगळे वळवणे रद्द होते. सिमला पिन लावता येतो. फक्त कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकला की सिम पीयूके, म्हणजे ते पुन्हा उघडण्याचा कोड, मागते आणि तो दहादा चुकला की सिम निकामी.

कायद्याची बाजू थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू आहे. त्यातले कलम 66अ देशभर चर्चेत आले ते नोव्हेंबर 2012 मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली तेव्हा. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी ते रद्द केले. कुटुंबांच्या कामाची कलमे शाबूत आहेत: ओळख चोरणे 66क, तोतयेगिरीने फसवणे 66ड, खासगी छायाचित्रे पसरवणे 66ई.

पैसे गेले तर पहिला तास महत्त्वाचा, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळत असते आणि वाटेत अडवता आली तरच परत मिळते. 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन, सोबत व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, वेळ आणि रक्कम. महाराष्ट्र सायबरचे केंद्र आता महापे येथे आहे आणि त्यांचा 1945 हाही क्रमांक आहे. बँकेला त्याच वेळी लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल तर ग्राहकावर काही भार पडत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे.

उरतो तो क्रमांक आणि खाते. दोन वर्षे न वापरलेली गुगल खाती डिसेंबर 2023 पासून पुसली जाऊ लागली आहेत, फोटोंसह. वडिलांच्या खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ उघडून 3 ते 18 महिन्यांची मुदत आणि घरातल्या दोघांची नावे भरायला पाच-दहा मिनिटे लागतात. त्याच बैठकीत दुहेरी पडताळणीचे दहा बॅकअप कोड छापून मावशीकडच्या डिस्कसोबत ठेवावेत, म्हणजे फोन आणि सिम दोन्ही गेले तरी खाते उघडता येते. आणि आईचे जुने सिम रिचार्जअभावी बंद पडू देण्याआधी बँक, आधार, विमा आणि गॅस जोडणीतून तो क्रमांक काढून नवा घालावा: बंद झालेला क्रमांक 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही दिला जाऊ शकतो, आणि जोडणी तशीच राहिली तर तिचे ओटीपी त्या नव्या माणसाच्या फोनवर येतात.