मुक्तिफौज रस्त्यावर कशी उतरली?

नगरच्या बूथ हॉस्पिटलचं नाव कोविडच्या साथीत राज्यभर झालं. हे हॉस्पिटल मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्वेशन आर्मीचं, आणि नाव संस्थापकाच्या मुलीचं, इव्हँजेलिन बूथ यांचं. मिशनचा दवाखाना म्हटलं की आपल्याला मोठं आवार, प्रार्थनामंदिर, जुनी झाडं आठवतात. या संस्थेचा जन्म मात्र लंडनमध्ये एका दारूच्या गुत्त्यासमोर, भर रस्त्यात झाला.

विल्यम बूथ मूळचे नॉटिंगहॅमचे. तेराव्या वर्षी ते गहाणवटीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि गरिबाच्या घरातल्या वस्तू कशा एकेक करून दुकानात येतात ते त्यांनी गल्ल्यामागून पाहिलं. पुढे ते मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक झाले. १८६५च्या उन्हाळ्यात ते पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपल भागात, 'ब्लाइंड बेगर' नावाच्या गुत्त्याबाहेर प्रवचन करू लागले. तिथे जमणारी माणसं गोदीतली, हातावर पोट असलेली. अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांना कुठल्या सभ्य चर्चमध्ये पाऊल टाकायची सोय नव्हती, त्यामुळे चर्चच रस्त्यावर आणावं लागलं. बूथ यांच्या पत्नी कॅथरिन स्वतः उत्तम वक्त्या होत्या, आणि स्त्रियांनी प्रवचन करावं हा आग्रह मूळ त्यांचा. १८७८मध्ये संस्थेचं 'ख्रिश्चन मिशन' हे आधीचं नाव जाऊन 'फौज' आली. मग गणवेश, हुद्दे, ढोल, बँड असा सगळा थाट ओघाने आला.

गुत्तेवाल्यांना हे रुचणं शक्यच नव्हतं. मिरवणुकांवर हल्ले करणाऱ्या टोळ्यांनी स्वतःला 'स्केलेटन आर्मी' म्हणवून घेतलं. पोलीस मात्र अनेकदा मार खाणाऱ्यांनाच पकडत. अखेर १८८२मध्ये वेस्टन-सुपर-मेअरच्या खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की, दुसरा कुणी दंगा करील म्हणून कायदेशीर मिरवणूक बेकायदा ठरत नाही. कायद्याच्या वर्गात हा खटला अजून शिकवतात.

खरा बदल झाला तो पोटापासून. रिकाम्या पोटी प्रवचन कोण ऐकणार? १८८८मध्ये लाइमहाउसला पहिलं स्वस्त अन्नगृह आणि रात्रनिवारा निघाला. तिथलं दरपत्रक बोलकं आहे: मोठ्यांना अर्ध्या पेनीत वाडगाभर सूप, ब्रेडसकट हवं तर एक पेनी, लहान मुलाला निम्म्या दरात. चार पेन्यांत रात्रीचं खाणं, झोपायला जागा आणि सकाळची न्याहारी. झोपायची जागा म्हणजे रांगेत मांडलेली लाकडी खोकी, पांघरायला मेणकापड. लोक त्यांना शवपेट्याच म्हणत, आणि चित्रं पाहिली की ते पटतं. फुकट काही द्यायचं नाही, असा बूथ यांचा कटाक्ष. खिशात पैसे नसतील तर लाकडं फोडायची. १८९०च्या पुस्तकात त्यांनी दाखला दिला तो टांग्याच्या घोड्याचा. लंडनमध्ये घोडा पडला की आधी त्याला उठवतात, चूक कुणाची ते नंतर पाहतात. त्याला दाणा, निवारा आणि काम मिळतं. माणसाला निदान एवढं तरी मिळावं, इतकंच मागणं. टीका जोरदार झाली. शास्त्रज्ञ हक्स्ली यांनी 'टाइम्स'मध्ये पत्रांवर पत्रं लिहिली. एका माणसाच्या हुकमावर चालणारी फौज आणि तिच्या हाती एवढा पैसा, हा त्यांचा आक्षेप मला तरी पोकळ वाटत नाही.

कुटुंबांकडे लक्ष गेलं ते स्त्रियांच्या कामातून. रस्त्यावरच्या मुलींसाठी १८८४मध्ये हॅनबरी स्ट्रीटवर घर उघडलं, आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकीमागे कुठेतरी घरदार होतं. कुणाची आई लेकीला शोधत होती, कुणाला सोडून गेलेला पुरुष सापडायला हवा होता. १८८५मध्ये बेपत्तांच्या शोधाचं कार्यालय सुरू झालं. फौजेच्या 'वॉर क्राय' या पत्रात नावं छापली जात आणि गावोगावचे अधिकारी चौकशी करत. ब्रिटनमध्ये हे काम आजही चालतं. सापडलेल्या माणसाची संमती असल्याशिवाय त्याचा पत्ता घरच्यांना देत नाहीत. माझ्या मते फौजेचं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच, कारण इथे प्रवचनाला जागाच नाही.

भारतात फौज आली ती मुंबईच्या बंदरात, १९ सप्टेंबर १८८२ला. पुढारी फ्रेडरिक टकर, पंजाबातली आयसीएसची नोकरी सोडून आलेले, सोबत तिघंजण. फौज येणार म्हणून पोलीस जय्यत तयार होते आणि उतरली चार माणसं, असं सांगतात. वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून अटक, दंड, तुरुंग हे सगळं मुंबईतही झालं. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी त्यांची बाजू घेतली. टकर यांनी भगवी वस्त्रं घातली, अनवाणी हिंडून भिक्षा मागितली आणि 'फकीरसिंग' हे नाव घेतलं. गोऱ्या साहेबाने असं राहावं, याचा धक्का मुंबईतल्या गोऱ्यांनाच जास्त बसला.

त्याच सुमारास पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये होत्या. त्यांचा संबंध फौजेशी नव्हे, वाँटेज गावच्या ख्रिस्ती जोगिणींशी (नन्सशी). लंडनच्या फुलहॅम भागात या जोगिणी 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना आसरा देत. ते पाहून आपल्यावर काय परिणाम झाला, हे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहिलं आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या कृपासदनाची मुळं तिथवर जातात.

फौजेची वाट मात्र वेगळीकडे वळली. मुंबईत ज्यांना सरकारने पकडलं, त्याच टकर यांच्या फौजेकडे १९०८मध्ये संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या, सरकारने गोरखपूरच्या डोम लोकांची वसाहत सोपवली. १८७१च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या होत्या, त्यांच्यापैकी ही एक. मग इतर प्रांतांतही अशा वसाहती फौजेकडे आल्या. काम, शाळा, दवाखाना होता, पण बायकामुलांसह सगळं कुटुंब सरकारी पहाऱ्याखाली. सोलापूरच्या अशाच सेटलमेंटच्या, म्हणजे वसाहतीच्या, आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना यातलं वेगळं काही सांगायला नको. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं.