मुलांचा ताबा : बेळगाव सीमाभागातील कौटुंबिक न्यायव्यवहार

आईवडील विभक्त झाल्यावर अज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या, मुलाने कोणाजवळ राहावे आणि दुसऱ्या पालकाने त्याला केव्हा व कसे भेटावे, याविषयी न्यायालय जी व्यवस्था लावून देते तिला व्यवहारात ‘ताबा’ म्हणतात. हाच शब्द जमीनजुमल्याच्या दाव्यांतही वापरला जात असल्याने मूल जिंकायचे किंवा गमवायचे असते असा समज पक्षकारांत खोल रुजलेला आहे. कायद्याची दृष्टी मात्र तशी नाही. ताबा आणि पालकत्व यांतही फरक आहे. मूल आईजवळ राहत असले तरी वडिलांचे पालकत्व तेवढ्याने संपत नाही.

या विषयाचा मूळ कायदा १८९० चा पालक व पाल्य अधिनियम हा होय. त्याच्या कलम १७ नुसार न्यायालय मुलाचे वय, लिंग व धर्म, पालकाचे चारित्र्य व क्षमता आणि नात्याची जवळीक विचारात घेते, आणि मूल समजून-उमजून मत देण्याइतके मोठे असेल तर त्याचे मतही लक्षात घेऊ शकते. त्याला पूरक असा १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आहे. तो बेळगाव परिसरातील लिंगायत व जैन कुटुंबांनाही लागू होतो. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे त्यात म्हटले आहे, आणि कलम १३ ने मुलाचे हित सर्वोपरी ठरवले आहे. वडिलांना प्रथम आणि ‘त्यांच्यानंतर’ आईला नैसर्गिक पालक मानणाऱ्या तरतुदीतील ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्ये स्पष्ट केले. मुस्लिम कुटुंबांत हनफी या सुन्नी कायदापरंपरेप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत ताबा आईकडे मानला जातो. तेथेही न्यायालय मुलाचे हित पाहतेच.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमानुसार न्यायालयाने प्रथम समेटाचा प्रयत्न करणे बंधनकारक आहे. त्यासाठी समुपदेशक आईवडिलांशी बोलतात, आणि गरज वाटल्यास न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावून एकट्याशी संवाद साधतात. घरी व शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाशी हा संवाद त्याच्याच भाषेत व्हायला हवा, कारण मुलाचे खरे म्हणणे बहुधा त्याच्या अडखळण्यात असते आणि ते भाषांतरात निसटते. केवळ मिळकत जास्त म्हणून ताबा मिळत नाही, कारण कमी मिळकतीची भरपाई पोटगीने करता येते. मुलाला रोज न्हाऊ-माखू कोणी घातले, तापात रात्र कोणी काढली, अभ्यास कोणी घेतला, हे प्रश्न अधिक वजनदार ठरतात. लष्करात किंवा गोवा-पुण्याकडे नोकरीला असलेल्या वडिलांच्या बाबतीत, त्यांच्या गैरहजेरीत मूल प्रत्यक्षात आजीजवळ राहणार का, हेही विचारले जाते.

सीमाभागात सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न अधिकारक्षेत्राचा आहे. कर्नाटकातील निपाणीची सून महाराष्ट्रातील कागलला माहेरी गेली किंवा बेळगावची मुलगी महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यातले सासर सोडून आली, तर अंतर तासाभराचे असते; पण राज्य बदलते आणि त्याबरोबर उच्च न्यायालयही बदलते. १८९० च्या अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे अर्ज मूल जेथे ‘सामान्यतः राहते’ तेथील न्यायालयात करावा लागतो. मुलाला घाईने आजोळी नेऊन चार दिवसांत अर्ज केला म्हणजे ते तेथे सामान्यतः राहते असे होत नाही. शाळेचा दाखला आणि आधीचे वास्तव्य पाहून हे ठरते. घटस्फोटाचा अर्ज मात्र पत्नी ती राहते त्या ठिकाणीही करू शकते, आणि हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली तेच न्यायालय मुलाविषयीही हुकूम देऊ शकते. त्यामुळे एकाच मुलासाठी कोल्हापुरात एक आणि बेळगावात एक अशी दोन प्रकरणे उभी राहू शकतात. एका राज्यातील दावा दुसऱ्या राज्यात वर्ग करण्याचा हुकूम केवळ सर्वोच्च न्यायालय देते, म्हणून दहा-पंधरा मैलांच्या वादासाठी दिल्ली गाठावी लागते. हा खर्च अखेर मुलाच्याच वाट्याचा असतो, आणि अनेक कुटुंबांना तो झेपत नाही.

दुसरा प्रश्न शाळेचा. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड शिकणे बंधनकारक झाले, तर महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी. गडहिंग्लजला सहावीपर्यंत शिकलेले मूल हुक्केरीला आले तर त्याला कन्नड मुळाक्षरांपासून गिरवावे लागते. कलम १७ मध्ये भाषेचा नामनिर्देश नसला तरी हा मुद्दा मुलाच्या हितातच येतो, आणि वकिलांनी तो वर्षाच्या मध्यावर नव्हे तर पहिल्याच अर्जात मांडायला हवा. सुट्ट्यांचेही तसेच आहे. कर्नाटकातील शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याच्या सुमारास येते आणि महाराष्ट्रातील दिवाळीला; म्हणून ‘निम्मी दिवाळीची सुट्टी वडिलांकडे’ असा हुकूम सीमेपलीकडच्या वडिलांच्या हाती प्रत्यक्षात दोन-तीन दिवसच ठेवू शकतो.

ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला भेटीचा हक्क सहसा दिला जातो, आणि त्यात व्हिडिओ कॉलही येतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मधील एका निकालात मुलाला जानेवारी ते जून वडिलांकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे ठेवण्याची व्यवस्था लावून दिली होती. दोन घरे एकाच शाळेच्या पल्ल्यात असतील तेथे अशी विभागणी निभावते. सीमेच्या दोन बाजूंना ती अवघड आहे. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला परवानगीवाचून पाल्याला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही, ही १८९० च्या अधिनियमाच्या कलम २६ ची अटही येथे पुष्कळांना अनपेक्षितपणे आड येते.

बेळगावच्या कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निर्णयावर तीस दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते आणि ते धारवाड खंडपीठापुढे चालते. २००८ मध्ये फिरते खंडपीठ म्हणून सुरू झालेले हे पीठ २०१३ मध्ये कायम झाले. ताब्याचा हुकूम कधीच कायमचा नसतो. मुलाचे वय वाढले, शाळा बदलली किंवा सांभाळणारी आजी राहिली नाही, तर कोणताही पालक त्याच न्यायालयात हुकूम बदलण्यासाठी नवा अर्ज करू शकतो.