खिशातली किल्ली आणि न वाजणारे इंजिन

मागच्या उन्हाळ्यात आतेभाऊ विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला निघाला आणि आमच्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या आणि बटनाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली त्याच्या खिशातच राहिली. नागपूर स्टेशनपर्यंत गाडी त्यानेच चालवली होती. गर्दीत ती बंद न करताच तो उतरला, मी चालकाच्या जागेवर बसलो आणि त्रिमूर्तीनगरला परतलो. निघताना गाडीने काही वेळ बीप केले, समोरच्या पडद्यावर किल्लीचे चित्रही उमटले. पण मागचे दार नीट लागले नसेल, अशी मी समजूत करून घेतली. घरी येऊन बटन दाबून गाडी बंद केली आणि मग ती पुन्हा सुरू होईना. तोपर्यंत किल्ली वर्धा ओलांडून गेली होती. दुसरी किल्ली कपाटात होती, म्हणून निभावले.

ह्यात गाडीचे काही चुकले नव्हते. धावत्या गाडीला किल्ली सापडेनाशी झाली म्हणून तिने यंत्रणा बंद केली, तर वर्धा रोडवरच्या वाहतुकीत तो जिवावरचा प्रसंग ठरेल. म्हणून एकदा सुरू झालेली गाडी किल्ली नसली तरी चालतच राहते आणि फक्त इशारा देते. चूक होते ती आपल्या जुन्या सवयीमुळे. पूर्वीची किल्ली दार उघडत असे, गाडी चालवण्याची परवानगी देत असे आणि तीच चालू-बंदचा खटकाही होती. ती काढून हातात घेतली की गाडी बंद झाल्याचा पुरावाच हातात येई. आता परवानगी खिशात असते, खटका डॅशबोर्डवर असतो, आणि हायब्रिड गाडीत भरीस भर म्हणजे इंजिनाचा आवाज हा उरलेला पुरावाही नाहीसा झालेला असतो.

खिशातली किल्ली गाडीला ओळखू कशी येते, हे समजून घेण्याजोगे आहे. दाराच्या मुठीला हात लागताच (काही गाड्यांत अधूनमधून आपोआपही) गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झ एवढ्या कमी वारंवारतेची हाक देते. ही हाक दूरवर जाणाऱ्या रेडिओलहरीसारखी नसून अँटेनाच्या वेटोळ्याभोवती पसरणारे चुंबकीय क्षेत्र असते, आणि ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते; म्हणजे अंतर दुप्पट झाले की क्षेत्राची तीव्रता आठव्या हिश्श्यावर येते. म्हणूनच किल्ली मीटर-दीड मीटरच्या आत असल्याखेरीज दार उघडत नाही. गाडीने हाकेसोबत पाठवलेल्या एका यादृच्छिक संख्येवर किल्ली आपल्या गुप्त सूत्राने प्रक्रिया करते आणि उत्तर मात्र खऱ्या रेडिओलहरीने पाठवते. भारतात आणि युरोपात हे उत्तर ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास येते, तर अमेरिकेत आणि जपानमध्ये बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर. संख्या दर वेळी नवी असल्याने कालचे उत्तर चोरून ऐकून ठेवले तरी आज त्याचा उपयोग होत नाही.

गाडीत अशा अनेक अँटेना असतात, आणि कोणत्या अँटेनाचे क्षेत्र किती तीव्र जाणवते, ह्यावरून किल्ली आत आहे की बाहेर, हे ठरते. तरीही काही जागा आंधळ्या राहतात. डॅशबोर्डवर, दाराच्या कप्प्यात किंवा मोबाइलला चिकटून ठेवलेली किल्ली कधीकधी सापडत नाही. उलट, किल्ली खिशात ठेवून गाडी धुवायला घेतली, तर पाण्याच्या धारेलाच हाताचा स्पर्श समजून दारे आपोआप उघडबंद होऊ लागतात. मुठीतला संवेदक विद्युतधारितेतला, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतला, बदल ओळखतो आणि पाण्यानेही तसाच बदल घडतो.

चोरांनी ह्या योजनेतली जी फट हेरली, ती गुप्त सूत्रात नव्हे, अंतराच्या गृहीतकात आहे. एक जण गाडीजवळ आणि दुसरा घराच्या दाराशी उभा राहतो. दोघांजवळची उपकरणे गाडीची हाक किल्लीपर्यंत आणि किल्लीचे उत्तर गाडीपर्यंत पोहोचवतात. सूत्र न फोडताच दार उघडते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ कंपन्यांच्या दहा गाड्या तपासल्या आणि दहाही अशा रीतीने उघडल्या. ह्यावरचा खरा उपाय म्हणजे उत्तराची तीव्रता न पाहता त्याला लागलेला वेळ मोजणे. प्रकाश, आणि त्याच वेगाने रेडिओलहरही, एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) सुमारे ३० सेंटिमीटर जाते. म्हणून अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे अतिशय आखूड रेडिओस्पंद वापरणाऱ्या, पद्धतीच्या नव्या किल्ल्यांत हा काळ मोजून खरे अंतर काढतात. जुन्या किल्लीसाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुष्कळदा पुरतो. मात्र कमी वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र पातळ पत्र्यातून काही प्रमाणात आरपार जाते, म्हणून किल्ली आत ठेवलेला डबा गाडीशेजारी नेऊन मूठ ओढून पाहावी आणि दार उघडले नाही, तरच त्यावर विसंबावे.

किल्लीच्या पोटात बहुधा सीआर २०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्या आकड्यातच त्याचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. गाडीच्या हाकेसाठी किल्लीला अष्टौप्रहर कान उघडे ठेवावे लागतात, म्हणून तो हळूहळू सतत खर्च होतो. आमच्या घरी किल्ली पोर्चलगतच्या खिडकीत टांगलेली असे आणि सेल वर्षाच्या आतच संपे. गाडीपासून दोन मीटरांच्या आत राहिलेली किल्ली तिची हाक पुन्हा पुन्हा ऐकून जागी होते. टीव्ही, मोबाइलचा चार्जर आणि इंडक्शन शेगडी ह्यांच्याजवळही तिला उगीच जाग येते. सेल पूर्ण संपला तरी माणूस अडकून पडत नाही. किल्लीत लपवलेल्या धातूच्या पात्याने दार उघडते, आणि किल्ली स्टार्टच्या बटनाला टेकवली की बटनाभोवतीच्या वेटोळ्याचे क्षेत्रच तिच्यातल्या चिपला पुरेशी वीज देते. हे पाते कसे बाहेर काढायचे, ते घरातल्या प्रत्येकाने एकदा करून पाहिलेले असावे, असे मला कळकळीने वाटते.

ह्याहून मोठी अडचण आपल्याकडे दुसऱ्या बॅटरीची होते. हायब्रिड गाडीत शेकडो व्होल्टची मोठी बॅटरी असते. टोयोटाच्या प्रियस ह्या हायब्रिड गाडीच्या दुसऱ्या पिढीत ती २०१.६ व्होल्टची होती. पण गाडी बंद असताना ही बॅटरी उर्वरित यंत्रणेपासून पूर्णपणे तोडलेली असते. ब्रेक दाबून बटन दाबल्यावर मागून जे टक्-टक् ऐकू येते, तो तिला जोडणाऱ्या रिलेंचा (विजेने मिटणाऱ्या खटक्यांचा) आवाज असतो: एकाएकी प्रचंड प्रवाह उसळू नये, म्हणून आधी रोधकातून थोडी वीज सोडली जाते आणि मग मुख्य जोड लागतो. ह्या रिले मिटवण्याचे काम साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे असते. ती बसली की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी निपचित पडून राहते.

नागपूरचे ऊन ह्या लहान बॅटरीला फार जड जाते. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. उन्हात उभ्या गाडीच्या आत ते ६० अंशांच्याही पुढे जाते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि बॅटरी झिजवणाऱ्या क्रियाही त्याला अपवाद नाहीत. त्यात मुलांच्या सुट्टीत तीन आठवडे गाडी उभी राहिली, तर किल्लीची वाट पाहणारी यंत्रणा उरलीसुरली वीजही पिऊन टाकते. अशा वेळी बाहेरून दिलेली थोडी वीजही पुरते, कारण इथे १२ व्होल्टच्या बॅटरीला इंजिन फिरवायचे नसते, केवळ संगणक जागे करून रिले मिटवायच्या असतात. इंजिन फिरवते ती मोठ्या बॅटरीवरची मोटर. ह्याच कारणाने हायब्रिडच्या लहान बॅटरीवरून शेजाऱ्याची डिझेल गाडी सुरू करून देण्याचा मोह टाळावा. अनेक हायब्रिड गाड्यांत ही बॅटरी मागे डिकीत असते आणि वीज देण्यासाठी बॉनेटखाली वेगळे टोक काढलेले असते. ते कुठे आहे, हे आधीच पाहून ठेवावे.

मला खरी काळजी वाटते ती समोरच्या पडद्यावरच्या ‘रेडी’ ह्या हिरव्या अक्षरांची. ती पेटलेली असताना गाडी चालूच असते, भले आवाज शून्य असो. एका संध्याकाळी आईने गाडी पोर्चमध्ये लावली, पिशव्या उचलल्या आणि सारे शांत असल्याने ती आत निघून गेली. बटन दाबायचे राहिले होते. गाडीने बाहेर बीप केले, तेव्हा आई स्वयंपाकघरात पोहोचलीही होती. रात्रभर बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होई, ती भरली की बंद होई. पहाटे फिरायला निघालेल्या शेजाऱ्यांच्या ते लक्षात आले. आमचा पोर्च तीन बाजूंनी मोकळा आहे. बंद गॅरेजमध्ये हेच घडले असते, तर पेट्रोलच्या अपूर्ण ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड साचत गेला असता. ह्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. घराला लागून बंद गॅरेज असण्याची पद्धत जिथे रूढ आहे, त्या अमेरिकेत अशा गाड्यांमुळे झोपेतच माणसे दगावली आहेत. तिथल्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात किल्लीविरहित गाड्या ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याचा नियम करण्याची तरतूद त्यामुळेच आली. आपल्याकडेही तळघरातली पार्किंग आणि शटर लावलेली गॅरेज वाढत आहेत, आणि प्रत्येक गाडीत ही आपोआप बंद होण्याची सोय असतेच असे नाही. स्वतःच्या गाडीत ती आहे का, हे विकत घेतानाच विचारावे.

चालत्या गाडीत मात्र ती मुद्दाम, तातडीने बंद करण्याची गरज पडू शकते. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ पायपुसण्यात अडकलेल्या अॅक्सिलरेटरमुळे बेफाम धावणाऱ्या एका गाडीत चार जणांचा बळी गेला. त्या गाडीचे बटन एकदा दाबून उपयोग नव्हता, ते काही सेकंद दाबून धरावे लागत असे. पुष्कळ गाड्यांत आजही धावत्या स्थितीत बटन दोन-तीन सेकंद दाबून धरावे लागते किंवा लागोपाठ तीनदा दाबावे लागते. तुमच्या गाडीत ह्यांतली कोणती रीत आहे, ते पुस्तिकेत दिलेले असते. आम्ही ते चिठ्ठीवर लिहून चालकासमोरच्या उन्हाच्या झडपेमागे चिकटवले आहे, आणि त्याच चिठ्ठीवर सेल बदलल्याची तारीख आहे.