बोहारीण: दारात येणारा जुना बाजार

शिकायला अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच मराठी मुलांचा पहिला थंडीचा कोट थ्रिफ्ट स्टोअरमधला, म्हणजे वापरलेल्या वस्तू स्वस्तात विकणाऱ्या दुकानातला असतो. तिथल्या या दुकानांचं मूळ धर्मादायात आहे. १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने सधन वस्त्यांतून गोण्या भरून जुने कपडे आणि सामान जमवलं, गरजूंना ते दुरुस्त करायचं काम दिलं आणि स्वस्तात विकलं. त्यातूनच ‘गुडविल’ ही संस्था उभी राहिली. देणारा फुकट देतो, म्हणून घेणाऱ्याला स्वस्त पडतं.

आपल्याकडे अशी दुकानं रुजली नाहीत, कारण जुना कपडा फुकट जातच नव्हता. थोरल्याचा सदरा धाकट्याला, विटलेलं लुगडं गोधडीला, उरलेल्या चिंध्या पुसायला. १९४३ साली, महायुद्धाच्या टंचाईत, सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणलं. तो काळ काढलेल्या बायका पुढे आयुष्यभर धडकं कापड टाकू शकल्या नाहीत. एवढं होऊनही जे धड उरे ते बोहारणीसाठी, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या फेरीवालीसाठी बाजूला पडे.

दुपारची जेवणं आटोपली की जिन्यातून ‘भांड्येऽऽय’ अशी हाक यायची. टोपली उतरवून बोहारीण उंबऱ्याशी बसे. साडी उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधायची, पँटची बैठक ताणून पाहायची, चेन वरखाली करायची. अस्सल जरीत चांदी असते, म्हणून काठ बोटांनी चाचपायची. ‘एवढ्यात नाही परवडत ताई, अजून एक पँट टाका.’ आई मग झाकणासकट पातेलं मागे. तासभर चाले हे, आणि त्यात दोघींपैकी कुणीच कच्ची नसे.

या धंद्याला खरी बरकत आली ती स्टीलमुळे. तांब्या-पितळेला कल्हई लागायची, स्टीलला ती कटकट नव्हती. पण रोख पैसे मोजून घ्यावं तर ते महाग. घरातल्या बाईच्या हातात पैसा नसला तरी कपाटातल्या जुन्या कपड्यांवर तिचा शब्द चाले. कितीतरी मध्यमवर्गीय घरांची स्टीलची मांडणी अशी, एकेक डबा करत, नवऱ्याच्या टेरिकॉटच्या पँटींवर भरली. टेरिकॉट लवकर विरत नसे, त्यामुळे पुढच्या विक्रीतही त्याला मोल होतं.

ही पुढची विक्रीच आपण कधी पाहिली नाही. मुंबईत या धंद्यातली बरीच कुटुंबं गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजाची. जमवलेले कपडे धुवायचे, उसवलेलं शिवायचं, बटणं लावायची, इस्त्री फिरवायची आणि पदपथावर मांडायचे. बांधकामावरचा मजूर तिथेच आपल्या मापाचा शर्ट शोधतो. दुरुस्त करून गरिबाला परवडेल असं विकायचं हे हेल्म्सचं काम इथे बायका कुठल्याही संस्थेच्या, देणगीच्या आधाराशिवाय पिढ्यान् पिढ्या करत आल्या, याची नोंद मात्र फारशी कुणी घेतली नाही.

पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार, मुंबईतला चोर बाजार ही या व्यवहाराची उघडी बाजू. तिथे आपण हौसेने जातो. बोहारणीला मात्र आता सोसायटीच्या फाटकावरच अडवतात. स्वस्त तयार कपडे दोन धुण्यांत बसतात, त्यांना पुढे गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून हल्ली चार-पाच कपड्यांवर ती प्लास्टिकचा टबच काढते, आणि पातेलं मागितलं की आधी विचारते, ‘सुती साड्या आहेत का?’