कार्बन डेटिंग की आर्गॉन डेटिंग? गिल्बर्ट हिलचं वय नेमकं कशावरून कळलं

अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलबद्दल एक वाक्य सारखं कानावर पडतं: 'कार्बन डेटिंग करून कळलंय, हा कातळ सहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे.' वयाबद्दल तक्रार नाही, हा कातळ तेवढा जुना आहेच. पण कार्बन डेटिंगनं ते वय निघणं शक्यच नाही. शाळकरी मुलंही हे असंच पाठ करतात, म्हणून नीट मांडावंसं वाटलं.

ते वय निघतं आर्गॉन डेटिंगनं. कार्बन आणि आर्गॉन, दोन्ही पद्धतींचा पाया एकच. किरणोत्सारी अणू ठरावीक वेगानं बदलत जातात आणि उष्णता किंवा दाब यांनी त्या वेगात फरक पडत नाही. निम्मे अणू बदलायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. इथून पुढे दोघींच्या वाटा पार वेगळ्या होतात.

कार्बन-१४ वातावरणात सतत तयार होत असतो, विश्वकिरणांमुळे नायट्रोजनपासून. झाडं तो हवेतून घेतात, झाडांमार्फत तो प्राण्यांत जातो. जीव मेला की आवक थांबते आणि साठा घटू लागतो. अर्धायुष्य ५,७३० वर्षं. दहा अर्धायुष्यांनंतर, म्हणजे ५७,३०० वर्षांनी, मूळ साठ्याचा हजारावा भागही उरत नाही. म्हणून ही पद्धत साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालते. सहा कोटी वर्षांत कार्बन-१४ची दहा हजारांहून जास्त अर्धायुष्यं उलटतात, मोजायला काहीच शिल्लक राहत नाही. शिवाय गिल्बर्ट हिलचा कातळ बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक; तो कधी जिवंत नव्हता, त्यानं हवेतून कार्बन घेतलाच नाही.

बेसॉल्टमध्ये थोडं पोटॅशियम असतं आणि त्यातला अगदी किंचित हिस्सा पोटॅशियम-४०चा. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. त्यातले बहुतेक अणू कॅल्शियम होतात, पण दहांतला साधारण एक आर्गॉन वायू होतो. खरी गंमत इथे आहे. लाव्हा वितळलेला असताना आर्गॉन निसटून जातो. लाव्हा थिजला की स्फटिकांत तयार होणारा आर्गॉन आत अडकू लागतो. म्हणजे लाव्हा थंड झाला त्या क्षणी घड्याळ शून्यावर येऊन चालू होतं. सहा कोटी वर्षांत जेमतेम तीन टक्के पोटॅशियम-४० खर्ची पडतं, तरी साचलेला आर्गॉन मोजता येतो. आता बहुतेक ठिकाणी आर्गॉन-आर्गॉन ही सुधारित पद्धत वापरतात: नमुना अणुभट्टीत ठेवून पोटॅशियम-३९चं आर्गॉन-३९ करायचं आणि दोन्ही आर्गॉन, आधीच साचलेला आणि हा नवा, एकाच नमुन्यात मोजायचे. पवईच्या आयआयटीत अशी प्रयोगशाळा आहे.

मुंबईच्या पावसात मुरलेल्या खडकाशी जपून वागावं लागतं. कुजलेल्या बेसॉल्टमधून आर्गॉन गळतो आणि वय खऱ्यापेक्षा कमी येतं. म्हणून नमुना आतल्या ताज्या, टणक गाभ्याचा हवा.

मग जीवाश्मांचं काय? वरळीला लाव्हाच्या थरांच्या संगतीत सापडणाऱ्या गाळाच्या खडकात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले, रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. अशा बेडकाचं हाड थेट मोजत नाहीत. गाळाच्या खालचा लाव्हा त्याच्याहून जुना, वरून वाहिलेला लाव्हा त्याच्याहून नवा. दोन्हींची वयं काढली की बेडूक त्यांच्यामध्ये कुठेतरी बसतो. जीवाश्माचं वय बहुधा असं शेजारच्या खडकावरूनच येतं, आणि हे फार थोड्या ठिकाणी सांगितलं जातं.

याउलट, १८८० साली वापरात आलेल्या प्रिन्सेस डॉकसाठी आधी केलेल्या खोदकामात चिखलाखाली खैराची खोडं निघाली, समुद्राखाली गेलेलं जंगलच ते. असं लाकूड कार्बनचं काम. तिथे आर्गॉन पद्धत कुचकामी: लाकडाला लाव्हासारखा थिजण्याचा क्षण नसतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात कार्बन-१४ची प्रयोगशाळा होती आणि हडप्पा संस्कृतीच्या काळाच्या अनेक तारखा तिथे मोजल्या गेल्या.

एक सापळा मात्र सांगायलाच हवा. कोटी वर्षं जुना नमुना कार्बन प्रयोगशाळेत दिला, तरी यंत्र कधीकधी चाळीस-पन्नास हजार वर्षं असा आकडा दाखवतं. हाताळताना, भूजलातून किंवा जिवाणूंमुळे शिरलेला आजचा किंचित कार्बन तेवढ्याला पुरतो. म्हणून प्रयोगशाळा अशा नमुन्याचं वय 'पन्नास हजारांहून जास्त' एवढंच देतात.