व्यवसाय-माहिती, शालेय

शिक्षणाची पुढील शाखा किंवा काम निवडता यावे यासाठी विद्यार्थ्याला शाळेमार्फत निरनिराळ्या व्यवसायांविषयी पद्धतशीरपणे पुरविली जाणारी माहिती. कामाचे स्वरूप, त्यासाठी लागणारे शिक्षण व प्रशिक्षण, प्रवेशाच्या वाटा, कामाच्या वेळा, वेतन, बढतीची शक्यता आणि मनुष्यबळाची मागणी या बाबी तीत येतात. कल व अभिरुची चाचण्या, व्यक्तिगत समुपदेशन आणि नंतरचा पाठपुरावा ही शालेय व्यवसाय मार्गदर्शनाची अन्य अंगे असून त्यांचा विचार येथे प्रसंगोपात्तच केला आहे.

उगम : या सेवेचा आरंभ सामान्यतः अमेरिकेतील फ्रँक पार्सन्स (1854–1908) यांच्यापासून धरला जातो. जानेवारी 1908 मध्ये त्यांनी बॉस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शन कार्यालय सुरू केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले व त्यांचा या विषयावरील ग्रंथ 1909 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. स्वतःची ओळख, निरनिराळ्या कामांच्या अटी, फायदे-तोटे, मोबदला व भवितव्य यांचे ज्ञान आणि या दोहोंची तर्कशुद्ध सांगड, हे योग्य निवडीचे तीन घटक त्यांनी सांगितले. यांतील दुसरा घटक म्हणजेच व्यवसाय-माहिती होय. मात्र पार्सन्स यांचे कार्यालय शाळेत नव्हते, स्थलांतरितांच्या वस्तीतील एका समाजकेंद्राशी ते संलग्न होते. ‘शालेय’ या विशेषणावर भर द्यायचा तर मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथील मुख्याध्यापक जेसी डेव्हिस यांच्याकडे वळावे लागते. 1907 पासून त्यांनी इंग्रजी निबंधाच्या तासाला व्यवसायांवर लेखन करून घेण्याची पद्धत आपल्या शाळेत रूढ केली. ब्रुकलिनमधील शिक्षक ईलाय वीव्हर हेही सुमारे याच काळात विद्यार्थ्यांसाठी व्यवसायांवरील पुस्तिका काढत होते. सॅन फ्रान्सिस्को येथील एका तंत्रशाळेत 1888 च्या सुमारास विद्यार्थ्यांना निरनिराळ्या हस्तव्यवसायांचा प्रत्यक्ष परिचय करून दिला जाई, असाही उल्लेख आढळतो. तो स्वीकारला, तरी पुढील परंपरेशी त्याचा धागा जुळत नाही.

स्कॉटलंडचा दावा मात्र एवढ्या सहजपणे बाजूला सारता येत नाही. डोलोमाइट पर्वतांच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या भूवैज्ञानिक मारिया ओगिल्वी गॉर्डन यांनी 1904 मध्येच शालेय मंडळांनी शिक्षण व नोकरीविषयक माहिती कार्यालये काढावीत अशी योजना पत्रकाद्वारे मांडली होती. 1908 मध्ये त्यांनी शाळा सोडणाऱ्या मुलामुलींसाठी नोकऱ्या व धंद्यांची मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या कायद्याने स्कॉटलंडमधील शालेय मंडळांना अशा कामासाठी अधिकार मिळाला आणि 1910 मध्ये इंग्लंड व वेल्ससाठी तत्सम कायदा झाला. म्हणजे येथे माहिती पुरविणे ही आरंभापासून सार्वजनिक शिक्षणयंत्रणेची जबाबदारी मानली गेली. अमेरिकन लेखकांनी लिहिलेल्या इतिहासांत या घटनेला मिळालेली जागा तोकडी वाटते.

याहून मागे गेल्यास मार्गदर्शन नसलेली, पण निखळ माहिती असलेली ग्रंथपरंपरा दिसते. इटलीतील तोम्माझो गार्त्सोनी यांचा सर्व व्यवसायांचा कोश 1585 मध्ये व्हेनिस येथे छापला गेला, परंतु त्याचा रोख पांडित्य व मनोरंजनाकडे अधिक होता. आर. कॅम्बेल यांचा ‘द लंडन ट्रेड्समन’ (1747) वेगळा आहे. मुलाला कोणत्या धंद्यात घालावे या विवंचनेतील पालकांसाठी तो लिहिला होता. त्याच्या शेवटी धंद्यांचा वर्णानुक्रमे तक्ता आहे. शिकाऊ मुलाबरोबर उस्तादाला किती रक्कम द्यावी लागते, पुढे स्वतःचा धंदा थाटायला किती भांडवल लागते आणि कामाच्या वेळा कोणत्या, हे त्यात आकड्यांनिशी दिले आहे. प्रवेशाचा खर्च आणि कामाचे तास या दोन गोष्टी आजही पुष्कळ शालेय पुस्तिकांत सापडत नाहीत! व्यवसाय-माहितीचा इतिहास हा मार्गदर्शनाच्या इतिहासाचा पोटभाग न मानता स्वतंत्र धरणे त्यामुळे अधिक सयुक्तिक ठरते.

वर्गीकरण : माहिती गोळा करण्यापूर्वी ‘एक व्यवसाय’ म्हणजे काय हे ठरवावे लागते. उद्योग आणि व्यवसाय यांची गल्लत नेहमी होते. रुग्णालयातील लेखापाल आरोग्यसेवा उद्योगात असतो, पण त्याचा व्यवसाय लेखापालाचाच. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने प्रमाणित व्यवसाय-वर्गीकरण प्रथम 1958 मध्ये प्रसिद्ध केले. 1968, 1988 व 2008 अशा त्याच्या पुढील आवृत्त्या आहेत. अखेरच्या आवृत्तीत 10 प्रधान गट, 43 उपप्रधान गट, 130 लघुगट व 436 एकक गट असून कौशल्याची पातळी आणि कौशल्याचे विशेषीकरण या दोन कसोट्यांवर ही रचना उभी आहे. अनेक देशांची राष्ट्रीय वर्गीकरणे तिच्यावर बेतलेली आहेत.

अमेरिकेच्या श्रम खात्याचा व्यवसायनाम कोश 1939 मध्ये निघाला. मूळ हेतू रोजगार कार्यालयांची सोय हा होता. शाळांत तो मागाहून पोहोचला. 1965 च्या आवृत्तीपासून प्रत्येक व्यवसायाच्या संकेतांकात तीन अंक असे ठेवले, की त्यांवरून कर्मचाऱ्याचा माहितीशी, माणसांशी व वस्तूंशी येणारा संबंध किती गुंतागुंतीचा आहे हे कळावे. अंक जितका लहान तितकी गुंतागुंत अधिक. या आवृत्तीत परक्या मुलांचा सांभाळ करणाऱ्या पालनमातेला 878 हे अंक मिळाले, म्हणजे जवळजवळ सर्वांत साधे काम. कुत्र्यांना शिकविणाऱ्या प्रशिक्षकाचे काम तिच्यापेक्षा बरेच गुंतागुंतीचे ठरले होते. 1970 च्या दशकात स्त्री-अभ्यासकांनी यावर बोट ठेवल्यानंतर फेरतपासणी झाली आणि 1977 च्या आवृत्तीत लिंगसूचक व्यवसायनामेही बदलण्यात आली. वर्णन करणाराच्या दृष्टीतील उच्चनीचता अंकांतही कशी उतरते, याचे हे बोलके उदाहरण होय. या कोशाची जागा 1998 पासून संगणकीय व्यवसाय-माहितीकोशाने घेतली.

जॉन हॉलंड यांच्या सहा व्यक्तिमत्त्व-प्रकारांनुसार (वास्तववादी, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी, रूढिप्रिय) माहिती लावण्याची पद्धत शाळांत अधिक लोकप्रिय आहे. चाचणीचा निकाल आणि माहितीचे कपाट यांची सांगड तीत चटकन बसते. मात्र या सोयीपायी निकालाबाहेरचे कप्पे उघडलेच जात नाहीत, हा तिचा दोष आहे.

वय आणि माहिती : एली गिन्झबर्ग व सहकाऱ्यांनी (1951) सुमारे 11 वर्षांपर्यंत कल्पनारंजनाची, 17 पर्यंत चाचपणीची आणि नंतर वास्तव निवडीची अवस्था मानली. माध्यमिक शाळेच्या अखेरीस माहिती देण्याच्या प्रघाताला त्यातून आधार मिळाला. लिंडा गॉटफ्रेडसन (1981) यांच्या मते मात्र सहा ते आठ वर्षांच्या वयातच मुले आपल्या लिंगाला ‘न शोभणारी’ कामे मनातून वगळतात आणि नऊ ते तेरा या काळात सामाजिक प्रतिष्ठेच्या कसोटीवर आणखी छाटणी करतात. आवडीनिवडीचा विचार त्यानंतर येतो. हे मत ग्राह्य धरल्यास चौदाव्या-पंधराव्या वर्षी वाटलेली पुस्तिका आधीच मिटलेल्या वाटांविषयी बोलत असते. वयाचे टप्पे संस्कृतीनुसार मागेपुढे होत असावेत. तरी प्राथमिक शाळेपासून कामांची ओळख करून द्यावी, या बाजूने अलीकडील झुकाव आहे.

साधने : पुस्तिका, भित्तिपत्रके, व्याख्याने, क्षेत्रभेटी, करिअर मेळावे व संकेतस्थळे ही साधने सर्वपरिचित आहेत. 1970 च्या दशकापासून संगणकीय प्रणाली आल्या. मार्टिन कॅट्झ यांची प्रणाली विद्यार्थ्याला आधी स्वतःच्या मूल्यांना गुण द्यायला लावी आणि मगच व्यवसाय दाखवी, ही तिची खुबी होती. मुद्रित वर्णनाची मर्यादा परिचारिकेच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पुस्तिकेत ‘रुग्णांची शुश्रूषा करणे’ असे लिहिलेले असते. रात्रपाळी किती वेळा येते, पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला प्रत्येक रुग्णाविषयी काय सांगावे लागते, किती तास उभे राहावे लागते, हे तिला समोरासमोर विचारल्यावरच कळते. भेटीपूर्वी विद्यार्थ्यांकडून प्रश्न लिहून घेतले नाहीत, तर अशी भेट सहल होऊन जाते.

परिणामकारकता : जॉन क्रम्बोल्ट्झ व कार्ल थोरेसन यांनी 1964 मध्ये अकरावीच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, माहिती शोधण्याविषयीच्या बोलण्याला समुपदेशकाने प्रोत्साहन दिल्यास विद्यार्थी प्रत्यक्षातही अधिक माहिती शोधतात, असे दिसले. स्टीव्हन ब्राउन व नॅन्सी रायन क्रेन (2000) यांनी परिणामकारक मार्गदर्शनाचे पाच घटक काढले. लेखी सराव, व्यक्तिगत अर्थबोधन (चाचण्यांच्या निकालांचा अर्थ प्रत्येकाला उलगडून सांगणे), अनुकरणीय उदाहरणे व आधारजाळे (पाठबळ देणाऱ्या माणसांची साथ) यांच्या बरोबरीने कार्यजगताची माहिती त्यांत आहे. सुटी माहिती हातात दिल्याने फारसे साधत नाही, असाच याचा अर्थ लावला पाहिजे.

आर्थिक सहकार व विकास संघटनेच्या 2020 मधील अहवालानुसार, पाहणी केलेल्या 41 देशांतील 15 वर्षांच्या मुलींपैकी 53 टक्के आणि मुलांपैकी 47 टक्के जणांनी, तिसाव्या वर्षी आपण केवळ दहा लोकप्रिय व्यवसायांपैकी एखाद्यात असू, अशी अपेक्षा व्यक्त केली.

मागणीचे अंदाज हा व्यवसाय-माहितीचा सर्वांत नाशवंत भाग. रिचर्ड फ्रीमन यांनी अभियंत्यांच्या बाबतीत दाखविल्याप्रमाणे, वेतन चढे असताना विद्यार्थी एकाच शाखेकडे लोटतात, काही वर्षांनी ते सगळे एकदम बाजारात येतात, वेतन उतरते आणि प्रवेश पुन्हा रोडावतात. ‘वेगाने वाढणारा’ व्यवसाय म्हणजे पुष्कळ जागा असलेला व्यवसाय नव्हे. लहान व्यवसायात मोठ्या टक्केवारीनेही थोड्याच जागा निर्माण होतात. उलट निवृत्ती व काम सोडून जाण्याने रिकाम्या होणाऱ्या जागा बहुधा वाढीतून येणाऱ्या जागांहून अधिक असतात. वेतनाचा एकच सरासरी आकडाही असाच फसवा असतो. थोड्या बड्या मिळकतींनी तो फुगतो, म्हणून मध्यांक (निम्म्या लोकांची मिळकत ज्याच्या वर व निम्म्यांची खाली असते तो आकडा) आणि पहिल्या वर्षाचे वेतन वेगळे द्यावे. प्रत्येक पत्रकावर माहिती संकलनाचे वर्ष व ती पुरविणाराचे नाव छापावे, हा संकेत जुनाच आहे. प्रशिक्षणसंस्थांनी जाहिरातीदाखल वाटलेल्या पत्रकांत तो पाळला जात नाही. हंगामी, घरबसल्या वा कौटुंबिक धंद्यातील कामांची पत्रके क्वचितच निघतात, कारण अशा कामाला ठरावीक नाव, पात्रता किंवा वेतनश्रेणी नसते.